ऐन : मावळातील कठीण लाकडाची ओळख, गुणधर्म आणि उपयोग

मावळ तालुक्यात भातखाचरांच्या वरच्या वरकस जमिनीत, बांधावर किंवा देवराईत ऐनाचे झाड नाही, असे गाव सापडणे कठीण. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत ऐन आपोआप उगवतो, वणवा सोसतो, तोडला तरी खोडाला धुमारे फोडतो. त्यामुळे त्याची किंमत करण्याची सवय आपल्याला राहिलेली नाही. राबाला टाहाळ हवा की ऐन, चुलीला सरपण हवे की ऐन. अलीकडे मात्र ठेकेदार बांधावर येऊन उभ्या झाडाचा उक्ता भाव सांगतात, आणि लोणावळ्याच्या बंगल्यांना जुन्या घरातल्या काळसर तुळया हव्या असतात. झाड विकायचे की ठेवायचे हे ठरवण्यापूर्वी ते लाकूड नेमके काय आहे, हे माहीत असलेले बरे.

झाडाची ओळख

ऐनाला काही भागांत सादडा किंवा आसन असेही म्हणतात. शास्त्रीय नाव टर्मिनालिया इलिप्टिका. जुन्या पुस्तकांत हेच झाड टर्मिनालिया टोमेंटोसा किंवा क्रेन्युलाटा या नावांनी सापडेल. अर्जुन, हिरडा, बेहडा आणि किंजळ हे त्याचे सख्खे भाऊबंद. साल ही सर्वांत सोपी खूण आहे. काळपट करड्या रंगाची, खोल भेगांनी चौकोनी तुकडे पडलेली, मगरीच्या पाठीसारखी साल दुसऱ्या कुठल्या झाडाची चटकन दिसत नाही. अर्जुनाची साल याउलट गुळगुळीत आणि पांढुरकी असते. पान उलटे करून पाहा. देठाजवळ मध्यशिरेवर एक-दोन बारीक गाठी दिसतात. पावसाळ्याच्या तोंडाला मळकट पांढऱ्या फुलांचे तुरे येतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाच पंखांची तपकिरी फळे झाडाखाली पडतात. फळ हातात आले तर ओळखीबद्दल शंका राहत नाही. किंजळाच्या फळाला एक पंख मोठा आणि दोन लहान असतात.

उन्हाळ्यात काही ऐनांच्या खोडात पाणी साठते. खोडाचा एखादा भाग फुगल्यासारखा दिसतो आणि तिथे कोयता मारला की पाण्याची धार लागते. रानात फिरणाऱ्या माणसांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सगळ्याच झाडांत पाणी नसते, त्यामुळे गंमत म्हणून प्रत्येक खोडावर घाव घालत फिरू नका. प्रत्येक घाव ही बुरशीला दिलेली वाट असते. ती पुढे लाकडात कशी उतरते ते खाली येईलच.

लाकूड कसे असते

बाहेरचे रसकाष्ठ फिकट पिवळसर ते तांबूस पांढरे आणि आतले गाभ्याचे लाकूड तपकिरी ते गडद तपकिरी असते. त्यात काळसर रेषा धावतात. चांगल्या जुन्या झाडाचा गाभा पॉलिश केल्यावर अक्रोडाची आठवण करून देतो. इंग्रजांच्या काळापासून हे लाकूड व्यापारात इंडियन लॉरेल या नावाने जाते आणि त्याचे सजावटीचे पातळ पापुद्रे फर्निचरसाठी परदेशातही गेले. आपल्याकडे मात्र ते वासा आणि मुसळ यापलीकडे फारसे पोहोचले नाही.

वजन हा त्याचा पहिला गुण. हवेत सुकलेल्या ऐनाचे वजन घनमीटरला साधारण ७५० ते ९०० किलो भरते, सागाचे साधारण ६५० किलो. सुताराच्या भाषेत सांगायचे तर ऐनाचा एक घनफूट २४ किलोच्या आसपास आणि सागाचा १८ किलो. चार बाय सहा इंचांची बारा फुटी तुळई म्हणजे दोन घनफूट. ऐनाची असेल तर ती पन्नास किलोच्या जवळ जाते. छपराचा सांगाडा आखताना हे वजन धरावे लागते.

तुळई म्हणून ऐनाची ताकद सागाच्या तोडीची आहे आणि पृष्ठभागाचा कठीणपणा सागापेक्षा बराच जास्त. त्यामुळे झीज आणि मार सहन करणाऱ्या कामाला ते उत्तम. पण याच गुणामुळे सुतार कुरकुरतो. रेषा सरळ नसतात, थराथराने उलटसुलट जातात. रंधा मारताना तंतू उपटतात आणि करवतीची धार लवकर जाते. खिळा थेट ठोकला तर एकतर खिळा वाकतो नाहीतर लाकूड फाटते. आधी गिरमिटाने भोक पाडूनच खिळा किंवा स्क्रू बसवावा. लाकडात टॅनिन भरपूर असल्याने ओलसर जागी लोखंडी खिळ्याभोवती काळे डाग पडतात. दर्शनी कामाला पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा.

टिकण्याच्या बाबतीत ऐन मध्यम आहे आणि इथे लोकांची समजूत थोडी चुकते. ‘ऐन म्हणजे लोखंड’ असे म्हणून त्याचे खांब थेट जमिनीत गाडले जातात. छपराखाली, कोरड्या जागी, हवा खेळती असेल तर ऐन पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. मातीच्या संपर्कात मात्र वाळवी आणि बुरशी काही वर्षांतच त्याला गाठतात. ओल आणि आडोसा यांनी किती फरक पडतो याचा पुरावा आपल्या तालुक्यातच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताखालच्या लाकडी कमानी सागाच्या आहेत आणि लेणे कोरले त्या काळापासून, सुमारे दोन हजार वर्षे, तिथे आहेत. तेच लाकूड बाहेर पावसात असते तर एवढे टिकले नसते. म्हणून ऐनाचा खांब दगडी किंवा सिमेंटच्या बैठकीवर उभा करा. जुन्या घरांत खांबाखाली दगडी उथळा असतो तो त्याचसाठी.

रसकाष्ठ तर अजिबात टिकाऊ नसते. त्यात पिष्टमय पदार्थ असतात आणि लाकूड पोखरणारे बारीक किडे ते वर्षभरात पिठासारखे करून टाकतात. तुळईखाली पिवळसर भुकटी दिसली तर तेच समजा. रसकाष्ठ काढून टाकणे उत्तम. ठेवायचेच असेल तर ओल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून मग सुकवावे. ही प्रक्रिया छपराखालच्या लाकडापुरतीच. पावसात ही औषधे धुऊन जातात.

सुकवणे : इथेच बहुतेकांचे लाकूड वाया जाते

ऐन सुकवायला अवघड आहे. सुकताना तो सागापेक्षा बराच जास्त आकसतो आणि बाहेरचा थर आधी सुकून आतला ओला राहिला की पृष्ठभागावर भेगा पडतात, टोके फाटतात. आपल्याकडची नेहमीची रीत म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड तोडायचे, ओंडका अंगणात उन्हात टाकायचा आणि मे महिन्यात घरकामाला घ्यायचा. ऐनासाठी याहून वाईट वेळ नाही. कोरडी हवा आणि ऊन यांत त्याच्या चिरफळ्या होतात.

पावसाळा संपता संपता, हवेत अजून दमटपणा असताना ओल्या ओंडक्याची कापणी करून घ्यावी आणि फळ्या-वासे लगेच छपराखाली रचावेत. दोन्ही टोकांना डांबर, मेण किंवा घट्ट ऑइल पेंट लावा, म्हणजे टोकांतून पाणी झपाट्याने निघून जाणार नाही. थरांमध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या घाला. ऐनासाठी पट्ट्या बारीक ठेवल्या की वाळणे संथ होते. थप्पीच्या वर दगडांचे वजन द्या आणि वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा. जाडीच्या इंचाला साधारण एक वर्ष हा हवेत वाळवण्याचा ढोबळ हिशोब धरा. चार इंची तुळई त्या हिशोबाने पूर्ण सुकणार नाही हे गृहीत धरूनच जोड करावे लागतात. दारा-खिडक्यांची झडपे ऐनाची करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत झडप फुगून अडकते आणि एप्रिलमध्ये तीच झडप खडखडते. झडपेला साग किंवा फणस वापरा आणि ऐन चौकटीला, खांबाला, तुळईला.

कशाकशाला वापरतात

घरबांधणीत खांब, तुळया, वासे, माळ्याची पाटणी. शेतीच्या कामात मुसळ, औजारांचे दांडे, बैलगाडीचे भाग. रासायनिक प्रक्रिया करून रेल्वेचे स्लीपर म्हणूनही हे लाकूड देशात वापरले गेले. जिने आणि जमिनीच्या फळ्या यांसाठी ते फार योग्य आहे, कारण पायांनी झिजत नाही. लोणावळ्यात उंची हॉटेलांच्या जमिनीला बाहेरून आणलेले हार्डवुड वापरलेले दिसते. नीट सुकवलेला ऐन त्याच कामाला चालतो.

सरपण आणि कोळसा म्हणून ऐन उत्तम आणि हेच त्याचे दुर्दैव ठरले. सह्याद्रीतल्या मालकी जंगलांचा मोठा भाग कोळशाच्या भट्ट्यांतून गेला आणि त्यातला वाटा झाडमालकाच्या हाती फार थोडा पडला. सालीत टॅनिन असल्याने कातडी कमावायला आणि कोकणात मासेमारीची जाळी रंगवून टिकाऊ करायला ती वापरत. सालीची राख चुन्याने भरलेली असते. पानाच्या विड्यात चुन्याऐवजी ती खाण्याची रीत काही भागांत होती. विदर्भात, गडचिरोली-भंडारा भागात, टसर रेशमाचे किडे ऐनाच्या आणि अर्जुनाच्या पानांवर वाढवतात. मावळातल्या मुसळधार पावसात तो उद्योग डोक्यात घेऊ नका.

ऐन की निलगिरी?

हा प्रश्न वरकस जमीन असलेले बरेच जण विचारतात. निलगिरीचे लाकूडही जड आणि कठीण आहे. ऑस्ट्रेलियात, तिच्या मायदेशी, जारा किंवा आयर्नबार्कसारख्या जाती पूल, धक्के आणि स्लीपर यांना वापरल्या गेल्या. पण ती वर्षानुवर्षे वाढलेल्या जुन्या झाडांची लाकडे. आपण सहा-सात वर्षांत तोडतो ती निलगिरी म्हणजे बहुतेक रसकाष्ठ. खोडात वाढीचा ताण साठलेला असतो, त्यामुळे करवत लागताच फळी वाकते, टोक फाटते. ती कागदाचा लगदा, बांधकामाच्या बल्ल्या आणि सरपण यासाठी ठीक आहे. नावात हार्डवुड आहे म्हणून फर्निचरचा भाव मिळेल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

निलगिरीच्या कुळातले आपले देशी झाड हवेच असेल तर ते जांभूळ. जांभूळ आणि निलगिरी दोन्ही मिर्टेसी कुळातली. जांभळाचे लाकूड पाण्याखाली चांगले टिकते, म्हणून विहिरीच्या तळाशी बसवायच्या चौकटी त्याच्या करत. जांभूळ, जांभवली ही गावे आपल्याच तालुक्यात आहेत. झाड फळही देते, त्यामुळे घराजवळच्या ओलसर जागेला माझी पसंती जांभळाला आणि वरच्या खडकाळ उताराला ऐनाला.

रोख पैसा लवकर हवा असेल तर ऐन तुमच्या उपयोगाचा नाही, हेही सरळ सांगितले पाहिजे. तुळईच्या जाडीला यायला त्याला काही दशके लागतात. ऐन नव्याने लावण्यापेक्षा असलेला सांभाळण्यात शहाणपण आहे.

राब आणि तुळई एका झाडातून मिळत नाहीत

मावळात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची रीत आहे. उन्हाळ्यात ऐन आणि इतर झाडांचा टाहाळ तोडून, शेण, गवत, पालापाचोळा आणि मातीचे थर देऊन रोपाच्या जागी तो जाळतात. तणांचे बी मरते, राख मिळते, रोप जोमदार येते. हे फायदे खरे आहेत. पण त्यासाठी दरवर्षी फांद्या छाटलेला ऐन बघा. मधे सोट, वर गाठीच गाठी. प्रत्येक छाटणीच्या जखमेतून पाणी आणि बुरशी आत जाते आणि वीस वर्षांनी खोड आतून पोकळ निघते. दर उन्हाळ्यात माळाला लागणारा वणवा बुंध्याची साल जाळतो आणि खालूनही तीच वाट मोकळी करतो. बाहेरून पाच फूट घेराचे दिसणारे झाड कापल्यावर त्यातून एक सरळ वासाही निघत नाही, असे इथे नेहमीचे आहे.

चांगल्या रोपासाठी राब हा एकच मार्ग नाही. गादीवाफ्यावर भाताच्या तुसाची काळी राख मिसळून रोपे तयार करता येतात. चारसूत्री भातशेतीतले पहिले सूत्रच भातपिकाच्या अवशेषांचा फेरवापर हे आहे आणि दुसरे गिरिपुष्पाच्या पाल्याचे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी लावणाऱ्यांनी तर हे करून पाहायला हरकत नाही. तूस आपल्याच गिरणीत पडलेले असते. सगळा राब एकदम बंद करणे जमणार नसेल तर झाडांची वाटणी करा. खुरटी, वाकडी, आधीच गाठाळलेली झाडे टाहाळासाठी ठेवा आणि सरळ सोटाच्या दहा-पंधरा झाडांना कोयता लावायचा नाही असे घरात ठरवा. त्या झाडांभोवती जानेवारीतच गवत काढून दोन-तीन मीटरचा पट्टा मोकळा करा.

तोडलेल्या बुंध्याला धुमारे भरपूर येतात. पहिल्या पावसाळ्यानंतर त्यातले जमिनीलगतचे, जोमदार असे एक-दोन ठेवून बाकीचे काढा. जुनी मुळे असल्याने हे धुमारे बियांच्या रोपापेक्षा वेगाने वाढतात. बियांपासून रोपे करायची असतील तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ताजी फळे गोळा करा, दोन दिवस पाण्यात भिजवा आणि पावसाआधी वाफ्यात पेरा. बरीच फळे पोचट असतात, म्हणून लागतील त्याच्या कितीतरी पट बी टाकावे लागते.

विकण्याआधी स्वतः मोजा

उक्ता भाव घेऊ नका. आधी खोडावर कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोका मारून पाहा. भरीव आवाज आणि ढबढब आवाज यांतला फरक कळतो. मग घेर मोजा. व्यापारात गोल लाकूड चौथाई घेराच्या पद्धतीने मोजतात : मधल्या घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. पाच फूट घेर आणि बारा फूट लांबी असेल तर सव्वा गुणिले सव्वा गुणिले बारा, म्हणजे १८.७५ घनफूट. याच ओंडक्याचे खरे घनफळ २३.९ घनफूटांच्या जवळ भरते. म्हणजे पद्धतीतच साधारण पाचवा हिस्सा कमी धरला जातो. कापणीतली घट म्हणून तो सोडायची रूढी आहे. पण व्यापारी वर पुन्हा ‘घट’ म्हणून कापू लागला तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवा. साल धरून मोजायचे की साल काढून, हेही आधी ठरवा. ऐनाची साल जाड असते. ती इंचभर असेल तर घेरात सुमारे सहा इंचांचा फरक पडतो. ओंडक्यातून कापून हाती येणारे लाकूड खऱ्या घनफळाच्या निम्मे ते साठ टक्के धरा. उरलेली फळकुटे आणि फांद्या सरपण म्हणून कोणाच्या, हे लिहून घ्या.

परवानगीशिवाय तोड नको

ऐन आपल्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत असला तरी तो मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, हिरडा, मोह, जांभूळ, किंजळ यांच्याबरोबर ऐनही आहे. घरकामासाठी एकच झाड हवे असले तरी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो आणि लाकूड गावाबाहेर न्यायचे तर वाहतुकीचा परवाना लागतो. आदिवासी खातेदारांच्या जमिनीवरील झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. परस्पर, कमी भावात झाडे काढून नेली जाऊ नयेत हाच त्याचा हेतू. ठाकर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांनी ठेकेदाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही देऊ नये. आधी तहसील किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत खासगी वनाची नोंद आहे का, तेही तिथेच तपासून घ्या. जमीन वनहद्दीला लागून असेल तर मोजणी आधी करून घ्यावी लागते.

‘परवान्याचे मी बघतो’ असे ठेकेदार म्हणतो तेव्हा अर्जावर नाव तुमचेच असते. अर्जाची आणि परवान्याची प्रत स्वतःकडे ठेवा, तोडीच्या दिवशी हजर राहा आणि परवान्यात लिहिलेलीच झाडे पडतात ना, ते बुंध्यावरच्या खुणांवरून एकेक करून मोजा.